चालू गाडीला धक्का

डोमाजींनी फियाटचं बॉनेट धाडकन लावलं, हाताचं काळं तेल पायजम्याला पुसलं आणि जाहीर केलं की, आता हे मशीन तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत काही मागणार नाही. किशोररावांना अजून नातू नव्हता. नातू व्हायला मुलीचं लग्न व्हावं लागतं, तेही व्हायचं होतं. पण पूर्ण खोललेलं इंजीन पुन्हा बांधून ज्याच्या हाती आलं आहे तो माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरत नाही. किशोररावांनी पेढे वाटले. बायकोने, पौर्णिमेने, चाकांना हळदकुंकू लावलं आणि बॉनेटवर लिंबू ठेवलं. किल्ली फिरवताच इंजीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, तशी जमलेली कॉलनी 'वा' म्हणाली. मग किशोररावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

पाय काढला मात्र, गाडीला हिव भरलं. आधी आरसा थरथरला, मग दारं खुळखुळली. लिंबू नाचत नाचत बॉनेटच्या टोकाला आलं आणि तिथून थेट नालीत गेलं. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. पुन्हा सुरू केलं. पाय दाबून धरला की गाडी वाघासारखी गुरगुरे. पाय उचलला की हिव, उचकी आणि शांतता. कॉलनीच्या तोंडातला पेढा तिथल्या तिथे राहिला.

डोमाजी मात्र ढिम्म होते. अमरावतीत जुन्या गाड्यांना हात लावणारी जी दोन-चार माणसं उरली आहेत त्यांत ते स्वतःला पहिले समजत, आणि बाकीच्यांना मोजतच नसत. "नवीन बांधलं हाय ना बाप्पा," ते म्हणाले. "नवी नवरी सासरी बसाले टाइम लागते का नाई? मशीनबी बसन." एवढं बोलून ते स्कूटरवर बसून निघून गेले. त्यांची स्कूटर मात्र उभ्या उभ्या शिवणयंत्रासारखी छान चालत होती, हे किशोररावांच्या मनाला लागलं.

आता कुणी म्हणेल, जी गाडी पळते ती उभी राहिली नाही तर बिघडलं कुठे? गाडी घ्यायची ती पळवायलाच. पण किशोररावांना ही गाडी पळवायची नव्हती. त्यांना ती माणसाच्या चालीने, बँडच्या मागे, थांबत थांबत, भर अकोल्यातून न्यायची होती. सगळी अडचण तिथेच होती.

फियाट मूळची त्यांच्या सासऱ्यांची. चंद्रभानजींच्या घरची फुलशेती तेल्हाऱ्याकडे, आणि दुकान अकोल्यात. कित्येक वर्षं ह्याच गाडीच्या मागच्या सीटवरून झेंडू आणि शेवंती बाजारात आली. पुढे चंद्रभानजींचे कान गेले, मग गुडघे गेले, आणि गाडी अंगणातल्या शेवग्याखाली उभी राहिली. आता चंद्रभानजींचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. मेहुणा ओमप्रकाश वडलांना मिरवायला दोन घोड्यांचा रथ आणतो म्हणाला. त्यावर किशोररावांच्या तोंडून निघून गेलं, "मामाजींची स्वतःची गाडी असताना भाड्याचा रथ कशाला? मी आणतो ना नीट करून." पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढूनही, तोंडी आश्वासन देऊ नये हा साधा नियम त्यांना त्या क्षणी आठवला नाही.

म्हातारा हरखून गेला. त्याने सगळ्या गोतावळ्यात सांगून टाकलं, आणि रोज संध्याकाळी जावयाला फोन सुरू केला. ह्या फोनची एक पद्धत होती. पलीकडून चंद्रभानजी विचारत, "किशोरराव, गाडी कशी हाय?" मग ऐकू काहीच येत नसल्यामुळे क्षणभर थांबून ते स्वतःच "बरं, साजरं झालं," म्हणजे छान झालं, असं म्हणत आणि फोन ठेवून देत. त्यामुळे गाडी बिघडल्याची बातमी किशोररावांनी सासऱ्यांना रोज इमानेइतबारे दिली, आणि ती रोज साजरी झाली.

मशीन बसेना. मग डोमाजींनी कार्ब्युरेटर काढून साफ केला. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं, एवढं ज्ञान किशोररावांना शेजारच्या देवराव मास्तरांमुळे झालं होतं. देवराव निवृत्त विज्ञान शिक्षक. इंजिनावरचा धडा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवला होता आणि प्रत्यक्ष इंजीन आत्ता कुठे समोर आलं होतं, त्यामुळे ते सकाळी दात घासत घासतच अंगणात येत. काडीने मातीत चार चौकोन काढून कुठल्या ठोक्याला काय होतं ते समजावत. किशोररावांनी विचारलं की, मग हे थरथरतं का? तर मास्तर म्हणत, तो भाग पाठ्यपुस्तकात नव्हता.

मास्तरांचा पहिला संशय पेट्रोलवर होता. आताच्या पेट्रोलात उसाची दारू मिसळतात, आणि जुन्या गाडीला ती सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गाडी थरथरत नसून झिंगते आहे. किशोररावांनी आयुष्यात सुपारीही खाल्ली नव्हती. आपल्या दारात एक दारुडी उभी आहे हा विचार त्यांना रात्रंदिवस छळू लागला. ते कॅन घेऊन गावातले पंप पालथे घालू लागले आणि पंपावरच्या पोरांना पेट्रोलातल्या दारूचं प्रमाण विचारू लागले. परिणाम एवढाच झाला की पंपावरचे लोक त्यांनाच ओळखू लागले, आणि तेही चांगल्या अर्थाने नाही.

मग प्लग बदलले, त्यांच्या वायरी बदलल्या. डोमाजी एक स्क्रू पिळत, मास्तर तो उलटा पिळत, आणि दोघं एकमेकांना न भेटता एकमेकांविषयी किशोररावांजवळ बोलत. शेवटी डोमाजींनी तोडगा काढला की चोक ओढून ठेवा. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं आणि गाडी उभी राहते. आणि ती खरंच उभी राहिली. थरथरत का होईना, पण बंद पडली नाही. किशोररावांचे डोळे भरून आले. मास्तरांनी टाळी दिली.

डोळे आनंदाने नव्हे, धुराने भरले होते हे थोड्या वेळाने कळलं. सायलेन्सरमधून काळा, जाड, तेलकट धूर निघत होता आणि वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे चालला होता. कुंपणापलीकडे मास्तरांच्या पत्नी मैनाबाईंनी वर्षभराच्या कुरड्या खाटांवर वाळत घातल्या होत्या. चीक रात्रभर निवळत ठेवून, पहाटे उठून घातलेल्या पांढऱ्याशुभ्र ओल्या कुरड्या. मैनाबाई बाहेर आल्या तेव्हा त्या कुरड्या गव्हाच्या वाटत नव्हत्या, उडदाच्या वाटत होत्या. मैनाबाई ओरडल्या नाहीत. एक काळी कुरडई हातात घेऊन त्या कुंपणाशी आल्या आणि किशोररावांकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "आता हेच तळून देतो तुमाले. वर्षभर." मास्तर पुढचे काही दिवस अंगणात दात घासायला आले नाहीत. पौर्णिमेने आपल्या घरच्या कुरड्यांचा डबा गुपचूप तिकडे नेऊन दिला, आणि चोक पुन्हा आत गेला.

सरावासाठी म्हणून किशोरराव वलगावपर्यंत गाडी नेऊन आणू लागले. रस्ता मोकळा असला की गाडी वाऱ्यासारखी जाई, पण सिग्नल आला की पंचाईत होई. लाल दिवा लागला की एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर आणि ॲक्सिलरेटरवर ठेवायला तिसरा पाय देवाने दिलेला नाही. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि टाचेने ॲक्सिलरेटर अशी एक कसरत ते शिकले. ती करताना चेहरा असा काही होई की शेजारचे स्कूटरवाले विचारत, काका, बरं वाटत नाही का? पंचवटी चौकात एकदा टाच चुकली आणि गाडी मधोमध मेली. मागून हॉर्नचा गोंधळ उठला. मागच्या गाडीतून उतरून धक्का द्यायला जे गृहस्थ आले ते त्यांचेच कार्यकारी अभियंता निघाले. साहेबांनी घामेघूम होईपर्यंत गाडी ढकलली, नंतर चष्मा पुसून बघितलं, आणि "अच्छा, तुम्ही आहात," एवढंच म्हणाले. ह्या तीन शब्दांचा अर्थ लावण्यात किशोररावांचा तो आठवडा गेला.

त्यानंतर सिग्नल नसलेले रस्ते त्यांनी पाठ केले. बाजारात जायचं तर ते गावाला वळसा घालून जात. कार्यालयात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. पौर्णिमा एकदा म्हणाली की, तुम्ही झोपेतही पाय मारता आणि मधूनच 'नको, नको, बंद पडू नको' म्हणता. ऐकणाऱ्याला वाटावं कुणी अत्यवस्थ आहे.

ह्यात लक्षात आलं की धुराच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली आहे. ते नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि सरकारी नोकराने तर नाहीच नाही. तपासणीवाला एका पंपाच्या कोपऱ्यात जुन्या व्हॅनमध्ये यंत्र मांडून बसला होता. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि पाय काढायला सांगितलं. किशोररावांनी पाय काढला. गाडी इतकी हादरली की नळी आपोआप बाहेर आली आणि इंजीन बंद पडलं. पुन्हा खुपसली, पुन्हा बाहेर आली. मागे ऑटोरिक्षांची रांग लागली आणि रिक्षावाले उतरून गंमत बघू लागले. किशोरराव हळूच म्हणाले की, मी जरासा पाय दाबून ठेवतो, तुम्ही बघा तर खरं.

"सायेब, तुमी सरकारी मानूस," तपासणीवाला खेदाने म्हणाला. "तुमीच असं म्हनसान तर कसं होईन? नियम काय हाय, गाडी उभी पाहिजे आन इंजीन चालू पाहिजे. तुमची एका वेळी एकच करते." वर त्याने आपुलकीने सांगितलं की, भंगारात घातली तर हल्ली सरकार नव्या गाडीवर सूट देते. किशोरराव परत निघाले. निघायचं तरी कसं, तर रिक्षावाल्यांनी धक्का दिला म्हणून.

त्या संध्याकाळी फोन आलाच. "किशोरराव, गाडी कशी हाय? ... बरं, साजरं झालं. मी फेट्याचा रंग ठरवला." किशोररावांनी फोन ठेवला. मग पौर्णिमेला म्हणाले की, ओमप्रकाशला रथाचं सांगून दे. तिच्या वडलांनी गेल्या कित्येक वर्षांत कशासाठी रंग ठरवला नव्हता, हे तिने सांगितलं नाही. पण ओमप्रकाशला फोनही केला नाही.

समारंभ तोंडावर आला होता. रविवारची दुपार होती. वऱ्हाडातलं दुपारचं ऊन म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. कुत्री नळाखाली पडली होती. डोमाजी झोपले होते, मास्तर झोपले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून किशोरराव एकटेच इंजिनावर वाकले होते. काही दुरुस्त करावं म्हणून नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे ते वाकले होते. इंजीन चालू होतं, हिव भरलेलं होतं आणि आता कुठल्याही क्षणी उचकी देणार होतं.

आणि एकाएकी ते शांत झालं.

किशोररावांना वाटलं, गेलं. पण पंखा फिरत होता. इंजीन चालू होतं, आणि असं चालू होतं की कानाला नुसती एक मंद गुणगुण यावी. आरसा हलत नव्हता. दारं हलत नव्हती. हे काय झालं ते बघायला त्यांनी मान वर करायला घेतली, तर मान वर येईना. दुपट्ट्याचं टोक खाली लोंबून इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या पाइपाला जाऊन चिकटलं होतं. त्या पाइपाच्या कुशीत करंगळीएवढं एक उघडं तोंड होतं. वासराने सड धरावं तसं त्या तोंडाने दुपट्टा गच्च ओढून धरला होता.

किशोररावांनी श्वास रोखला. हललो तर ही शांतता जाईल अशी त्यांना भीती वाटली. गाल गरम लोखंडापासून चार बोटांवर, पुढे पंखा गरगरतोय, अशा अवस्थेत त्यांनी अगदी हलक्या आवाजात पौर्णिमेला हाक मारली. ती बाहेर आली. तिला दिसलं ते हे, की नवऱ्याची मान इंजिनाला बांधली गेली आहे आणि पंखा फिरतो आहे. ती धावत गाडीत शिरली आणि तिने किल्ली काढून घेतली.

"बंद कावून केली?" किशोरराव रडवेल्या आवाजात म्हणाले. एरवी कार्यालयातली शुद्ध भाषा बोलणाऱ्या ह्या माणसाची वऱ्हाडी फक्त संकटातच बाहेर येत असे.

"तुमची मान वाचवली मी," पौर्णिमा म्हणाली, आणि येऊन घराच्या पायरीवर बसली.

गाडी पुन्हा सुरू केली. दुपट्ट्याशिवाय हिव होतंच. किशोररावांनी त्या भोकावर बोट ठेवलं. गाडी शांत झाली. बोट काढलं, थरथर. ठेवलं, शांत. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं ते करत राहिले. मग पौर्णिमाही उठली आणि तिनेही बोट ठेवून बघितलं. भर उन्हात दोघं पाळीपाळीने भोकावर बोट ठेवत होती आणि कुंपणापलीकडून मैनाबाई, ह्या दोघांना ऊन लागलं की काय, अशा नजरेने पाहत होत्या.

डोमाजी आले आणि त्यांनी भोक पाहिलं. तिथे आधी एक रबरी नळी होती, ती सडली होती म्हणून बांधताना फेकून दिली, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. भोक तेवढं बुजवायचं राहिलं. त्यातून फालतू हवा आत जायची आणि पेट्रोलचा हिशेब चुकायचा, एवढंच. "भोक लहान होतं," ते म्हणाले, आणि भोक लहान असेल तर दोष फारसा मोठा नसतो अशा चेहऱ्याने त्यांनी त्यावर एक रबरी टोपण घट्ट बसवलं. मास्तर डोळे चोळत आले आणि म्हणाले की, मिश्रणात हवेचं प्रमाण चुकलंय हे मी पहिल्याच दिवशी मातीत काढून दाखवलं होतं. किशोररावांनी दोघांचे आभार मानले. सुखात असलेला माणूस कुणाचेही आभार मानतो.

धुराचं प्रमाणपत्र मिळालं. तपासणीवाला पुन्हा पुन्हा नळीला हात लावून बघत होता. अकोल्याला निघाले तर बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत चहाची जी जी टपरी दिसली तिथे किशोरराव थांबले. चहासाठी नव्हे, गाडी उभी राहिलेली बघायला. आधी सिग्नल चुकवत फिरणारा हा माणूस आता हिरवा दिवा दिसला की हिरमुसायचा. तरी काळजी पूर्ण गेली नव्हती. काळजीची सवय झालेल्या माणसाला ती जरा वेळ दिसली नाही की तिचीच काळजी वाटते.

मिरवणुकीच्या सकाळी जुन्या शहरात राजेश्वराच्या देवळापाशी फियाट उभी होती, चाकापासून टपापर्यंत झेंडूने मढलेली. फेटा बांधलेले चंद्रभानजी आले. आधी त्यांनी हारातलं एक फूल चुरगाळून वास घेतला आणि 'शिळा माल घातला' म्हणून ओमप्रकाशकडे पाहिलं. मग गाडीवरून हात फिरवत ते पुढच्या सीटवर, जावयाच्या शेजारी बसले. मागे सासूबाई मनकर्णाबाई आणि पौर्णिमा बसल्या. बँड वाजू लागताच म्हाताऱ्याच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र शिट्ट्या मारू लागलं, म्हणून त्याने ते काढून खिशात टाकलं. किशोररावांनी किल्ली फिरवली. इंजीन रेशमासारखं सुरू झालं. मांडीवर हात ठेवून ते सासऱ्यांच्या तोंडून काय शब्द निघतात त्याची वाट पाहू लागले.

चंद्रभानजींनी पुढच्या फळीवर, डॅशबोर्डवर, तळवा टेकवला. थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "करा चालू."

"चालू आहे, मामाजी."

"आँ?"

"चालू आहे."

"करा ना मंग."

किशोररावांनी हातवारे केले, समोरचे दिवे दाखवले. म्हाताऱ्याने मान हलवून त्यांच्या हाताखालची किल्ली दाखवली. शेवटी त्यांच्या समाधानासाठी किशोररावांनी चालू गाडीची किल्ली पुन्हा फिरवली. जे व्हायचं तेच झालं. दाताखाली खडा यावा तसा कर्रर्र आवाज झाला आणि गाडीभर एक हादरा गेला. "पाहा," चंद्रभानजी खिडकीतून डोकं काढून ओमप्रकाशला म्हणाले, "स्टार्ट घेऊन नाई राहिली. धक्का लावा."

सासरच्या माणसांना जावयाच्या गाडीला धक्का लावायला मुहूर्त लागत नाही. सगळे धोतरं-पँट सावरून मागे लागले. किशोरराव ओरडून सांगत होते की गाडी चालू आहे, पण बँड वाजत होता, आणि धक्का देणाऱ्याच्या कानावर तसंही काही पडत नाही. चालू इंजिनाची फियाट भर रस्त्याने ढकलत निघाली. दोन्हीकडची माणसं हसत होती, मोबाइल काढत होती. ओमप्रकाश खिडकीशी येऊन म्हणाला की, भाऊजी, रथवाला अजून मोकळा आहे. किशोररावांचा संयम सुटला. त्यांनी गियर टाकला. गाडी पुढे झेपावली, मागचे दोन काकाजी रस्त्यावर हातांवर पडले आणि पुढचा ढोलवाला ढोलासकट पानठेल्यात शिरला. किशोररावांनी करकचून ब्रेक दाबला.

बँड थांबला. त्या शांततेत चंद्रभानजी हळू आवाजात बोलले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज नेहमी मोठा असतो. त्यांना हळू बोलताना किशोररावांनी कधी ऐकलं नव्हतं.

"किशोरराव, मले म्हातारा समजून खोटं सांगून राहिले काय? मेली असन गाडी तर मेली म्हना. मी जातो पायी."

त्यांनी दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवला. मागून मनकर्णाबाई म्हणाल्या की, ह्या गुडघ्यांनी हे मोर्णा नदीच्या पुलापर्यंतही जाणार नाहीत. पण ते नवऱ्याला ऐकू गेलं नाही. आरशात किशोररावांना पौर्णिमेचा चेहरा तेवढा दिसला.

किशोरराव उतरले. बॉनेट उघडलं. इंजीन इतकं सुरेख चालत होतं की त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवावा, आणि फळीवर टेकलेल्या तळव्याला काही कळू नये. ते रबरी टोपण जागच्या जागी होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. काळ्या कुरड्या, साहेबांचा घाम, रिक्षावाल्यांचं हसणं, मोडलेल्या रात्री, सगळं त्या टोपणाखाली बंद होतं. आता हे काढायचं म्हणजे मोर्णेच्या पुलावर, भर गर्दीत, केव्हाही मरायला गाडी मोकळी. मागे ओमप्रकाश कुणाला तरी सांगत होता की, भाऊजींना त्यातलं काही कळत नाही.

किशोररावांनी टोपण उपटलं आणि खिशात घातलं.

हवा सुसकारत आत शिरली आणि फियाटला हिव भरलं. आरसा थरथरला, दारं खुळखुळली, बॉनेटवरच्या झेंडूच्या पाकळ्या उडू लागल्या. एक पाय रस्त्यावर ठेवलेले चंद्रभानजी तसेच थांबले. त्यांनी सीटवर हात ठेवला. फळीवर ठेवला. मग पाय हळूच आत ओढून घेतला, दार लावलं आणि चेहरा फुलवून म्हणाले, "हां. आता झाली चालू."

उचकी यायच्या आत किशोररावांनी बॉनेट लावलं, धावत येऊन ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, आणि बँड वाजू लागला. त्यानंतर पुलापर्यंत, पुलावरून आणि पलीकडच्या बाजारातून किशोररावांनी काय पाहिलं असं विचाराल तर काहीच नाही. त्यांचं सगळं लक्ष उजव्या पायाच्या टाचेत आणि चवड्यात होतं. मोर्णेच्या पुलावर गाडीने एक उचकी दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटून राजेश्वराला नवस बोलला. फुलबाजारातले दुकानदार उठून ओंजळी ओंजळींनी फुलं टाकत होते आणि म्हातारा दोन्ही हातांनी नमस्कार करत होता. मध्येच त्याने जावयाला सांगितलं की, कान गेल्यापासून गाडी आपण बुडाखालून ऐकतो. दुकानाकडून घरी येईपर्यंत सीट थरथरत राहिली की समजायचं, सगळं ठीक आहे.

समारंभाच्या सभागृहापाशी पोचल्यावर आपण सुटलो असं किशोररावांना वाटलं. पण चंद्रभानजी उतरेनात. त्यांनी जावयाचा किल्लीकडे जाणारा हात धरला. "बंद नोका करू. हे थरथर असली का वाटते, आपुन निघून राहिलो कुठंतरी." तेव्हा दिव्यांचं तबक बाहेर आणावं लागलं. सुनांनी आणि नातींनी खिडकीतूनच त्यांना ओवाळलं. गुरुजींनी बॉनेटवर नारळ ठेवला, तो खाली आला, तो कुणीतरी हातात धरून उभं राहिलं. आत पंगत बसली. पौर्णिमेने मागून हात घालून नवऱ्याच्या तोंडात जिलबीचा तुकडा दिला, कारण त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर गच्च होते आणि पोटरीत गोळा आला होता. मागच्या सीटवर मनकर्णाबाईंना झोप लागली होती.

चंद्रभानजी डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी न बघताच विचारलं, "किशोरराव, बंद तर नाई पडनार ना?"

किशोरराव उत्तर द्यायला तोंड उघडणार होते, पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी टाच किंचित दाबली आणि सोडली. गाडी अंगभर शहारली. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला, "बरं."